परदेशी नोकरी, घरची मोटारसायकल: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात एकाच विषयावर इतकी पत्रं आली की शेतीच्या आणि कर्जाच्या प्रश्नांना पुढच्या अंकात जागा द्यावी लागेल. वाळूज, शेंद्र्यातून जर्मनीला निघालेले इंजिनीअर, लातूरकडून इंग्लंडला गेलेल्या नर्स, नांदेडहून आखातात असलेले कामगार. प्रश्न सगळ्यांचा थोड्याफार फरकानं तोच: मुक्काम बाहेर पडला, गाडी घरी उभी आहे, ती तिकडं नेता येईल का? क्लिअरिंग, आरटीओ आणि वाहनचाचणीतल्या जाणकारांनी उत्तरं दिली आहेत. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा दर क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या.

प्रश्न: *चार वर्षांच्या करारावर जर्मनीला चाललोय. २०२२ ची क्लासिक ३५० आहे. गाडी मीच वापरतो, पण आरसीवर नाव वडिलांचं आहे. कंपनी घरसामानाचा कंटेनर देणार आहे. त्यात गाडी टाकली तर ड्यूटी लागते का? आणि तिथं पासिंग होतं का?*
— वाळूज, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ड्यूटी आणि पासिंग या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवर काम झालं म्हणून दुसरीवर होतंच असं नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात.

आधी ड्यूटी. राहतं घर बदलून युरोपीय संघात येणाऱ्याला घरसामानावर, त्यात खासगी वाहनावरही, माफी मिळते. अटी अशा: त्याआधी सलग किमान १२ महिने तुम्ही संघाबाहेर राहिलेले असावेत, गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी, तिथं राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती यावी, आणि आल्यावर पुढचे १२ महिने विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, कुणाला वापरायलाही द्यायची नाही. जर्मनीत यासाठी ०३५० क्रमांकाचा फॉर्म आहे. सोबत पासपोर्ट, तिथल्या रहिवासी नोंदणीचा दाखला, नोकरीचा करार, आरसी आणि जुनी विमा पॉलिसी जोडावी लागते.

तुमची अडचण आरसीवरच्या नावात आहे. गाडी तुम्ही चालवता हे गल्लीला माहीत असेल, पण तिथला अधिकारी कागद बघणार. फॉर्म २९ आणि ३० भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. सहा महिने नाव बदलल्या तारखेपासून मोजले जातील. जायला दोन महिनेच उरले असतील तर तुम्ही पुढे जा, गाडी मागून येऊ द्या, असंही सुचत असेल. ते चालणार नाही, कारण सहा महिन्यांची मालकी तुमचं राहणं हलण्याआधीची लागते.

माफी बसली नाही तर हिशेब असा. २५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ६ टक्के सीमाशुल्क, २५० पर्यंत ८ टक्के, आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट. गाडीची किंमत १५०० युरो आणि वाहतूक-विमा ६०० युरो धरला तर २१०० वर ६ टक्के म्हणजे १२६. झाले २२२६. त्यावर १९ टक्के म्हणजे सुमारे ४२३. एकूण भरणा साडेपाचशे युरोंच्या आसपास. म्हणजे ड्यूटीनं कुणी बुडत नाही.

बुडवतं ते पासिंग. युरोपात विकायला बनलेल्या गाडीला जुळणीचा कारखानी दाखला असतो, त्याला तिकडं सीओसी म्हणतात. इथल्या बाजारासाठी बनलेल्या तुमच्या क्लासिकला तो नाही आणि मागाहून मिळतही नाही. मग ट्यूफ किंवा देक्रा या तिथल्या वाहनतपासणी संस्थांकडे एकट्या गाडीची मान्यता घ्यावी लागते. तिथले रस्ता-वाहतूक परवाना नियम, कलम २१, हा तिचा आधार. बीएस-६ आणि युरो-५ जवळचे असले तरी बीएस-६ चा शिक्का तिथं पुरावा म्हणून चालत नाही. युरोपात १ जानेवारी २०२१ पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या सगळ्या मोटारसायकलींना युरो-५ लागतं. परीक्षकाला युरोपीय क्लासिकचा कागद दाखवून ‘इंजिन तेच आहे’ म्हणता येतं, पण मग तो बाकीचं जुळवून बघतो. तुमची गाडी मागे ड्रम ब्रेक आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस असलेल्या व्हेरिएंटची असेल तर तुलना तिथंच तुटते. युरोपातली क्लासिक दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस घेऊन येते. उत्सर्जनाचा स्वतंत्र अहवाल मागितला गेला तर त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढं जाऊ शकतो.

एक तपासणी आज घरीच करा. हेडलाइटची काच पुसून खालच्या कडेला बघा. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी आकडा असेल तर तो दिवा युरोपीय मान्यतेचा. जवळ बाण आहे का तेही बघा. तुम्ही दिव्यासमोर उभे असताना बाण तुमच्या उजवीकडे असेल तर दिवा डाव्या बाजूनं चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्याकडचा. जर्मनीत तो बदलावा लागेल. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडं चालतो. बऱ्याच मोटारसायकलींचा डिपरचा झोत दोन्ही बाजूंना सारखाच पडतो, तिथं हा प्रश्न येत नाही. आरसे, इंडिकेटर, टायर आणि मागचा लाल परावर्तक यांवरही हीच ‘ई’ खूण शोधा. साडी गार्ड इथंच काढून ठेवा.

सरळ मत विचारलंत तर क्लासिक ३५० तिकडं दुकानात मिळते. तीच गाडी, युरोपीय कागदांसह, तिथं जुनी घ्या. ही घरी राहू द्या.

प्रश्न: *लेस्टरला नर्स म्हणून येऊन दोन वर्षं झाली. माझी गाडी लातूरला आहे, एमएच-२४, २०१९ ची, माझ्याच नावावर. आता घर घेतलंय. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये गाडी आणता येईल का?*
— लातूर, सध्या लेस्टर

उत्तर: ताई, मुदत निघून गेली आहे. इंग्लंडच्या माफीसाठी टीओआर-१ अर्ज करतात. अटी युरोपसारख्याच आहेत: १२ महिने बाहेर वास्तव्य, ६ महिने मालकी आणि वापर, स्थलांतरानंतर १२ महिन्यांत आयात. उशिराला ठोस कारण आणि त्याचे कागद असतील तर अर्ज करून बघता येईल, पण ‘तेव्हा घर नव्हतं’ एवढं कारण टिकेल असं वाटत नाही. माफी नसेल तर ६ किंवा ८ टक्के शुल्क आणि वर २० टक्के व्हॅट.

तरी आणायचीच असेल तर क्रम चुकवू नका. गाडी उतरल्यापासून १४ दिवसांत महसूल खात्याच्या नोव्हा यंत्रणेत तिची नोंद झाली पाहिजे. त्याशिवाय डीव्हीएलए, म्हणजे तिथलं वाहननोंदणी खातं, नंबरच देत नाही. मग एमएसव्हीए, म्हणजे एकट्या मोटारसायकलची तपासणी. युरोपीय मान्यता नसलेल्या १० वर्षांच्या आतल्या गाडीला ती लागते. तीन वर्षांहून जुन्या गाडीला एमओटी, म्हणजे रस्त्यालायकपणाची वार्षिक तपासणी. शेवटी व्ही ५५/५ फॉर्म. तो वापरलेल्या गाडीचा आहे. ५५/४ नव्या गाडीचा, आणि घाईत नेमका तोच डाउनलोड होतो. स्पीडोमीटर मैल दाखवत नसेल तर त्याची सोय आधी करून ठेवा. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: दोन्ही देश डावीकडून चालतात, म्हणून दिव्याची दिशा बदलावी लागत नाही.

प्रश्न: *वडिलांची १९८४ ची यझदी आहे. ते आता नाहीत. मी टेक्सासमध्ये असतो. गाडी कितीही खर्च आला तरी न्यायची आहे. अमेरिकेत जुन्या गाडीला सूट असते म्हणतात, खरं का?*
— उदगीर

उत्तर: खरं आहे. या अंकातल्या सगळ्या पत्रांत सगळ्यात मोकळी वाट तुमचीच आहे. अमेरिकेत दोन खाती बघतात. वाहन सुरक्षेच्या नियमांतून २५ वर्षांहून जुनी गाडी सुटते. त्यासाठी एचएस-७ फॉर्मवर १ नंबरचा चौकोन. पर्यावरण खात्याच्या नियमांतून २१ वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी सुटते. त्यासाठी ३५२०-१ फॉर्मवर ‘ई’ संकेत. ‘मूळ स्वरूप’ याचा अर्थ नीट घ्या. टाकीला नवा रंग चालतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन चालत नाही. मोटारसायकलवरचं अमेरिकेचं मूळ शुल्क इंजिनानुसार शून्य किंवा २.४ टक्के आहे. त्यावर देशनिहाय जादा शुल्क किती बसतं ते पाठवण्याच्या आठवड्यात विचारा.

अवघड भाग अमेरिकेत नाही, उदगीरलाच आहे. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी झालं आहे का ते बघा. चाळीस वर्षांच्या गाडीत दोन-तीन नूतनीकरणं राहून गेलेली असतात आणि दंड साचलेला असतो. फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून ते मिटवा. त्या काळची आरसी म्हणजे हातानं लिहिलेलं पुस्तक. संगणकात नोंद नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, तोवर पुढचा कुठलाही कागद निघत नाही. ती झाली की बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आरटीओच्या नोंदवहीतला गाडीचा उतारा, काढा. वयाचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच. त्यावर नोंदणीचं वर्ष असतं. उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळं लिहिलेलं असेल तर उत्तमच.

मग इंजिन नंबर. एका पेन्सिलीनं पातळ कागदावर इंजिनाचा आणि चासीचा नंबर घासून उतरवा आणि पुस्तकाशी अंक-अंक जुळवा. यझदीची इंजिनं गॅरेजमध्ये सर्रास बदलली जायची. नंबर जुळला नाही तर आधी इथे आरटीओत इंजिनबदलाची नोंद करा. तसंच रेटून पाठवलं तर कस्टम्स इथेच थांबवतं.

गाडी पोहोचली की ७५०१ क्रमांकाचा प्रवेश-फॉर्म, शिक्का मारलेला एचएस-७ आणि ३५२०-१ हे तिन्ही जपून ठेवा. राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढताना लागतात. तुम्ही टेक्सासला आहात हे बरं. कॅलिफोर्नियाचे उत्सर्जनाचे नियम स्वतंत्र आहेत आणि केंद्राची सूट मिळाली म्हणून तिथं टू-स्ट्रोक यझदीला नंबर मिळत नाही.

नवी गाडी अमेरिकेला नेऊ पाहणाऱ्यांसाठी एक ओळ: स्टिअरिंगच्या मानेवर कारखान्यानं लावलेली अमेरिकी सुरक्षा-मान्यतेची पट्टी आणि चौकटीवर उत्सर्जनाची पट्टी नसेल तर विचार सोडा. वर्षभरासाठी येणाऱ्या अनिवासीला तात्पुरती सूट आहे, पण वर्ष संपताच गाडी देशाबाहेर काढावी लागते आणि मुदतवाढ नाही.

प्रश्न: *आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. भावाची गाडी पाठवायची आहे. एजंट लाकडी पेटीचे आणि फ्युमिगेशनचे वेगळे पैसे सांगतो. पेटी आम्हीच बनवली तर चालेल का? माप काय घ्यावं?*
— जालना

उत्तर: चालेल, आणि जालन्यात बसून लाकूड कशाला वापरता? लाकडी पेटीला आयएसपीएम-१५ चा नियम लागतो: लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेला असावा किंवा लाकडाला मान्य पद्धतीनं फ्युमिगेशन झालेलं असावं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीची खूण व देशाचा संकेत असलेला शिक्का असावा. शिक्का नसलेली पेटी परदेशी बंदरात परत फिरते नाहीतर जाळली जाते, आणि दोन्हींचे पैसे तुमच्याकडूनच. स्टीलच्या अँगलला हा नियम नाही. प्लायवूडलाही नाही. म्हणून सांगाडा अँगलचा आणि बाजू प्लायच्या, हा जोड सगळ्यात सोपा.

क्लासिक ३५० चं उदाहरण घेऊ. लांबी २१४५ मिलिमीटर, आरशांशिवाय रुंदी ७८५, उंची १०९०, वजन १९५ किलो. पेटी २.२५ × ०.८५ × १.२० मीटर घेतली तर घनमाप होतं २.२९५ घनमीटर. सुटा माल जहाजानं जातो तेव्हा भाडं घनमीटर किंवा टन यांत जे जास्त भरेल त्यावर लागतं. इथं घनमीटरच जास्त भरतो. ४० × ४० × ५ चा अँगल मीटरला साधारण ३ किलो. नुसत्या बारा कडांना १७.२ मीटर लागतो, म्हणजे ५२ किलो. आडव्या पट्ट्या आणि प्लाय धरून सगळं तीनशे किलोंच्या थोडं पुढं गेलं तरी टनाच्या जवळपास येत नाही. म्हणून वजन वाचवायला पातळ अँगल घेऊ नका, माप वाचवा. पुढचं चाक, मडगार्ड आणि आरसे काढून फोर्कचा आस तळाच्या कंसात बोल्टनं धरला तर लांबी बरीच कमी होते आणि भाडं त्याच प्रमाणात उतरतं. काढलेलं चाक फोममध्ये गुंडाळून गाडीच्या बाजूला बांधा, डिस्क बाहेरच्या अंगाला नको.

चाक ठेवूनच पाठवत असाल तर पट्टे हँडलला बांधू नका. हँडल वाकतं आणि बोटीच्या हेलकाव्यानं पट्टा सैल होतो. खालच्या फोर्क-ब्रॅकेटला मऊ फासे घालून रॅचेट पट्ट्यानं खाली ओढा आणि फोर्क निम्माच दाबा. पूर्ण दाबून महिनाभर ठेवलेल्या फोर्कची तेलसीलं पोहोचेपर्यंत गळतात. मागे स्विंगआर्मला दोन पट्टे. गाडी साइड स्टँडवर उभी राहून जाता कामा नये; सगळा भार एका कानावर येऊन चौकटीचा कान वाकतो.

पेट्रोल पूर्ण काढा. हल्लीचं ई-२० पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, तळाला राहिलेल्या कपभरात पाणी सुटतं आणि टाकी आतून गंजते. टाकी कोरडी झाली की चमचाभर इंजिन ऑइल आत फिरवा. बॅटरीची ऋण तार सोडून टोकावर टेप लावा. चेनला वंगण, क्रोमवर पातळ तेलाचा हात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. पेटी बंद करण्याआधी चारही बाजूंचे, दोन्ही नंबरांचे आणि ओडोमीटरचे फोटो तारखेसह काढा. मरीन विम्याचा दावा त्यांच्याशिवाय उभा राहत नाही, आणि विमा घेताना ‘अ’ कलमाचा, म्हणजे सर्व जोखमींचा घ्या.

माळीवाड्याचा कंटेनर डेपो जवळचा असला तरी तो मुख्यत्वे कारखान्यांच्या भरलेल्या कंटेनरांसाठी आहे. एकट्या गाडीची पेटी ट्रकनं न्हावा शेवाच्या गोदामात टाकणं सुटसुटीत. दर ठरवताना समुद्रभाड्यावर भाळू नका. परदेशी बंदरात कंटेनर उघडणं, हाताळणी, कागद आणि साठवण यांचे आकडे आधी लेखी मागा. सुट्या मालात भाडं नाममात्र दाखवून उतरल्यावर त्याच्या दुप्पट वसूल करणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे.

प्रश्न: *पती दुबईत आहेत. त्यांची पल्सर दारात उभी आहे. पाठवता येईल का? सह्या कोण करणार?*
— नांदेड

उत्तर: सह्यांचं होईल: त्यांनी दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित मुखत्यारपत्र पाठवलं तर तुम्ही करू शकता. पण ताई, पाठवू नका. तिथं आखाती देशांच्या मानकांनुसार जुळणी-प्रमाणपत्र लागतं, ते इथल्या गाडीला नसतं. ५ टक्के शुल्क आणि ५ टक्के व्हॅट हा त्यामानानं किरकोळ खर्च. शिवाय भारतीय लायसन्स तिथं बदलून मिळत नाही. दुचाकीसाठी वेगळी चाचणी द्यावी लागते. पल्सर विका, नाहीतर घरात वापरा.

प्रश्न: *मेलबर्नला पीआर मिळाली. गाडी शेतावर वापरलेली आहे. एजंट म्हणाला आधी बोटीत चढवू, परवानगी नंतर बघू.*
— हिंगोली

उत्तर: हा एजंट बदला. ऑस्ट्रेलियात सरकारच्या रोव्हर पोर्टलवरून आयात-मान्यता हातात आल्याशिवाय वाहन चढवायचंच नाही, असा नियम आहे. मान्यता नसलेली गाडी बंदरात अडते, रोजचं भाडं चढत राहतं आणि शेवटी ती परत पाठवा किंवा मोडीत काढा, एवढाच पर्याय उरतो.

दुसरा धोका तुमच्या शेतातलाच आहे. तिथलं जैवसुरक्षा खातं मातीचा कण आणि बी शोधतं. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. मडगार्डच्या आतल्या वळणात, चेन कव्हरच्या खाली, इंजिन गार्डच्या नळीत, रेडिएटर असेल तर त्याच्या पाकळ्यांत ती बसलेली असते, आणि तिच्यात गाजरगवताचं बी आणि कापसाची सरकी अडकलेली असते. वरून पाणी मारून हे निघत नाही. सीट, साइड पॅनल, पुढचं स्प्रॉकेट कव्हर, दोन्ही मडगार्ड आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. रात्रभर ओलं कापड लावून माती भिजू द्या, मग प्रेशर वॉशर, मग दात घासायच्या ब्रशनं कोपरे, आणि शेवटी हवेनं कोरडं करा. धुतल्यावर गाडी मातीवर उतरवायची नाही; फरशीवरून थेट पेटीत. अमेरिकाही खालचा भाग मातीमुक्त मागते, पण ऑस्ट्रेलियाची नजर जास्त कडक.

तिसरं म्हणजे ॲसबेस्टॉस. तिथं त्यावर पूर्ण बंदी आहे. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केट ॲसबेस्टॉसविरहित आहेत याचा पुरावा मागू शकतात. बाजारातून बसवलेले बिनानावाचे शू काढून कंपनीचे बसवा आणि बिल ठेवा.

प्रश्न: *मुलगा इंग्लंडमधून कायमचा परत येतोय. तिथं घेतलेली ९०० सीसीची दोन वर्षांची ट्रायम्फ आहे. सामानासोबत आणली तर ड्यूटी माफ असते ना?*
— परभणी

उत्तर: नाही. बॅगेजच्या सवलतीच्या शुल्क-शीर्षातून मोटार वाहनं स्पष्टपणे वगळलेली आहेत. टीव्ही, फ्रिजचं गणित इथं लावू नका.

वापरलेली गाडी भारतात आणायच्या अटी: उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, दिवे डाव्या बाजूच्या वाहतुकीचे, पुढची किमान पाच वर्षं रस्त्यालायक आणि तेवढी सर्व्हिसची हमी, आणि बंदर एकच, मुंबई. निघण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला लागतो आणि उतरल्यावर कस्टम्समधून सुटण्याआधी पुन्हा चाचणी होते. ती पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईमध्ये होऊ शकते. दोन वर्षांची गाडी म्हणजे तुमच्याकडे जेमतेम वर्ष आहे, आणि ते खरेदीपासून नाही, उत्पादनापासून. शोरूममध्ये आठ महिने उभी राहिलेली गाडी असेल तर ते आठ महिने गेलेच.

किंमत ठरवताना कस्टम्स नव्या गाडीच्या दरातून घसारा वजा करतं: पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर २८ टक्के. त्यात वाहतूक आणि विमा मिळवतात. वापरलेल्या दुचाकीवर सीमाशुल्क आणि त्याला जोडलेले अधिभार मिळून शंभर टक्क्यांच्या वर जातात. नुसते शंभर धरले तरी १०० रुपयांच्या गाडीचे झाले २००, आणि ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला सप्टेंबर २०२५ पासून असलेला ४० टक्के जीएसटी त्या २०० वर, म्हणजे ८०. शंभराच्या वस्तूवर १८० चा भरणा. त्यानंतर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर, तोही आयात गाडीला देशीपेक्षा जास्त दरानं. गाडी तिथंच विकून या. ते पैसे इथं नव्या गाडीला उपयोगी पडतील.

प्रश्न: *मस्कतला नोकरीला असतो. तिथल्या नंबरची गाडी चार महिन्यांच्या सुट्टीत तुळजापूरला आणायची इच्छा आहे, परत न्यायची आहे. हे तरी होतं का?*
— धाराशिव

उत्तर: हे होतं. यासाठी कार्नेट नावाची वही मिळते; तिच्यावर गाडी शुल्क न भरता तात्पुरती दुसऱ्या देशात नेता येते. गाडी जिथं नोंदलेली आहे तिथली वाहनचालक संघटना ती देते. तुमच्या बाबतीत ओमानकडून. गाडीच्या किमतीच्या प्रमाणात बँक हमी ठेवावी लागते. वही एक वर्ष चालते. प्रत्येक पानाचे तीन भाग: प्रवेशाचा, निर्गमनाचा आणि वहीत राहणारा. तुमचं वास्तव्य भारताबाहेरचं असेल तर भारत कार्नेटवर सहा महिने विनाशुल्क राहू देतो. त्या काळात गाडी विकता येत नाही, दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. आल्यावर इथला थर्ड पार्टी विमा घ्या, कारण तिथला इथं चालत नाही.

बहुतेक तक्रारी बाहेर पडतानाच्या शिक्क्यावरून होतात. गाडी गेली, पण पानावर शिक्का राहिला, तर कागदावर ती भारतातच आहे आणि शुल्काची मागणी तुमच्या हमीवर येते. कंटेनर बंद होण्याआधी अधिकाऱ्यानं निर्गमनाच्या आणि वहीत राहणाऱ्या अशा दोन्ही भागांवर शिक्का मारला का ते स्वतः बघा, एजंटच्या भरवशावर सोडू नका.

उलट दिशेनं, म्हणजे एमएच-२५ ची गाडी घेऊन बाहेर फिरायचं असेल तर कार्नेट मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडे मिळतं. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून, फॉर्म ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष.

प्रश्न: *गाडी नेली आणि तीन वर्षांनी परत यावं लागलं तर इथली गाडी इथं आणायलाही ड्यूटी लागेल का?*
— अंबाजोगाई

उत्तर: भारतातून निर्यात झालेली तीच वस्तू तीन वर्षांच्या आत परत आली आणि निर्यातीचा कुठलाही परतावा घेतलेला नसेल तर शुल्कमाफीची तरतूद आहे, मुदत वाढवून पाच वर्षांपर्यंत नेता येते. ‘तीच वस्तू’ सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. म्हणून जातानाच्या शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात-कागदावर, इंजिन आणि चासी हे दोन्ही नंबर पूर्ण लिहिलेले हवेत. ‘एक जुनी मोटारसायकल’ एवढंच लिहिलेलं शिपिंग बिल परतीला उपयोगाचं नाही. आरटीओत नोंदणी रद्द करताना आरसी जमा होते, तिची दोन्ही बाजूंची साक्षांकित प्रत आधी काढा; परदेशातल्या पासिंगलाही तीच लागते. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्यायला विसरू नका, ते तीन वर्षं चालतं.